इंटेग्रा सेल्फ घेत नसेल तर आधी फूटमॅट उचला

जानेवारीतली सकाळ होती. क्लच तळापर्यंत दाबून किल्ली फिरवली, तर टक नाही की घरघर नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लख्ख. माझी गाडी १९९५ची अक्युरा (होंडाचाच ब्रँड) इंटेग्रा जीएस-आर, १.८ लिटरचं व्हीटेक इंजिन, पाच गिअर. इथे न्यू जर्सीत गेली बारा वर्षं तिची डागडुजी मीच करते. गॅरेजवाल्यानं गाडी न बघताच फोनवर सांगितलं, "स्टार्टर गेलाय." या इंजिनाचा स्टार्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला बसतो. थंडीत तिथे हात घालणं म्हणजे बोटं सोलून घेणं.

मी फूटमॅट उचललं. खाली हिरवट प्लॅस्टिकचे चार-पाच तुकडे पडले होते. चिमटीत धरले तर वर्षभर डब्यात राहिलेल्या साबुदाण्याच्या पापडीसारखा त्यांचा चुरा झाला. बिघाड तिथेच सापडला.

किल्ली स्टार्टवर नेली की स्टार्टर कट रिले (स्टार्टरकडे वीज सोडणारा विजेवर चालणारा स्विच) ओढला जावा लागतो, आणि त्याचं सर्किट क्लच पेडलपाशी बसवलेल्या एका स्विचमधून पूर्ण होतं. पेडल तळाला गेलं की त्यावरचं बटणाएवढं प्लॅस्टिकचं पॅड स्विचचा दट्ट्या दाबतं. पंचवीस-तीस वर्षांत हे पॅड ठिसूळ होऊन गळून पडतं. मग पेडलच्या पट्टीला नुसतं भोक उरतं आणि दट्ट्या त्या भोकातून आरपार जातो. स्विच ठणठणीत असतो, पण तो दाबणारं कुणी नसतं. पूर्वीच्या बऱ्याच होंडा गाड्यांत हे होतं. ब्रेकच्या पेडलचं पॅड गळलं तर ब्रेक लाइट रात्रभर जळत राहतात आणि बॅटरी उतरते, म्हणून तेही बघून घ्या.

स्विचवर संशय घ्यायच्या आधी गाडीचं लक्षण नीट ऐका. इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर क्लच स्विचचा काही संबंध नाही. विशेषतः उन्हात तापल्यावर असं होत असेल तर आधी मेन रिले (इंधनपंपाला वीज देणारा) बघा, त्याचे सोल्डर तडकतात. किल्ली फिरवल्यावर इंजिनाकडून एकच जोरदार "टक" आला, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचली आहे, म्हणजे दोष पुढे आहे. दिवे मंदावले तर बॅटरी आणि तिची टर्मिनल बघा. स्वस्थ बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. दिवे लख्ख आणि संपूर्ण शांतता असेल तरच टॉर्च घेऊन पेडलखाली आडवं व्हा. आणि हो, मॅट गोळा होऊन पेडलखाली अडकलं असेल तरीही हेच होतं, ते आधी सरळ करा.

क्रूझ कंट्रोल असेल तर तिथे दोन स्विच दिसतील. पाय काढलेला असताना दबलेला असतो तो क्रूझचा. आपल्याला हवाय तो पेडल तळाला गेल्यावर दबणारा. त्याचा कनेक्टर काढा, मल्टिमीटर बझरवर ठेवून स्विचच्या दोन पिनांना लावा आणि दट्ट्या बोटानं दाबा. दाबल्यावर वाजला आणि सोडल्यावर थांबला तर स्विच चांगला, पॅड गेलंय. दाबूनही गप्प राहिला तर स्विच बदला. मधेच वाजतो, मधेच नाही, तर वरून क्लच मास्टर सिलिंडर गळतोय का बघा. त्यातलं तेल पेडलवरून स्विचपर्यंत ओघळतं.

मीटर नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, क्लचही दाबून ठेवा, आणि गाडीकडच्या कनेक्टरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडून किल्ली फिरवा. सेल्फ घेतला की खात्री पटली. तरीही घेतला नाही, तर फ्यूज, रिले आणि किल्लीमागचा इग्निशन स्विच तपासा. नंतर बसवलेला चोरअलार्मही बघा, कारण हे अलार्म बहुधा स्टार्टरचीच वायर तोडून बसवलेले असतात.

ती वायर कायमची ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते. गाडी गिअरमध्ये असताना कुणी नुसती किल्ली फिरवली तरी ती उडी मारते, आणि समोर मूल उभं असू शकतं.

नवं पॅड अंगठ्यानं दाबून भोकात बसतं. थंडीत ते कडक असतं, म्हणून मी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं. पॅड मिळेपर्यंत त्याच भोकात रुंद डोक्याचा बोल्ट घालून मागून नट आवळला तरी चालतं. डोकं दट्ट्याकडे ठेवा. रस्त्यातच अडकलात तर दुसऱ्या गिअरला धक्का मारून गाडी चालू होते, त्याला या स्विचची गरज लागत नाही.

बसवून झाल्यावर स्विचला जागी धरणारा चेकनट सैल करून स्विच असा सरकवा की पेडल तळाला टेकायच्या किंचित आधी तो लागेल. मग न्यूट्रलमध्ये दोनदा किल्ली फिरवा: एकदा क्लच दाबून, एकदा पाय काढून. पहिल्या वेळी इंजिन फिरलं पाहिजे, दुसऱ्या वेळी अजिबात नाही.