शेंगवाल्या झाडांची नाती लावताना या चुका टाळा

झाडाला लांब शेंग लटकलेली दिसली की फॅबेसी, म्हणजे तूर-हरभऱ्याचं कुळ, लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. शेवग्याची वाळलेली शेंग हातात घेऊन बघा, ती तीन फाकांत उकलते आणि बीला तीन पातळ पंख असतात. तुरीची शेंग मात्र एकाच कार्पेलची (फुलातल्या ज्या भागात बी धरतं त्याचा एक घटक), दोन कडांना शिवण, म्हणून दोनच फाका. शेवगा मोहरीच्या गणातला (कुळाच्या वरचा गट) आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

पण खरा घोळ होतो तो जुन्या नोट्समुळे. पळसाचं एक, बाभळीचं एक, बहाव्याचं एक अशी फॅबेसीची तीन उपकुळं आपण इतकी घोकलीयत की अजूनही तेच लिहितो. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून वनस्पतींच्या मॅट-के नावाच्या जीनवरून नवीन मांडणी केली आणि उपकुळं झाली सहा. बाभळीचं मिमोसॉइडी स्वतंत्र राहिलंच नाही, ते बहावा-गुलमोहराच्या सिसाल्पिनिऑइडीत गेलं, चिंच गेली डिटॅरिऑइडीत, कांचन आणि आपटा सर्सिडॉइडीत. आणि मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की बहावा आणि चिंच आपण कायम एका खान्यात टाकले पण बहावा चिंचेपेक्षा पळसाच्या, अगदी आपल्या तूर-हरभऱ्याच्या जास्त जवळचा आहे! म्हणून बहाव्यापासून पळस झाला असं मात्र लिहू नका, दोघं आजची झाडं आहेत, पूर्वज त्यांचा सामायिक होता.

गुलमोहर आणि पळस यांत गोंधळ होत असेल तर उमललेलं फूल सोडा, कळी सोला. पळसाची मोठी पाकळी, ध्वजक, बाकीच्यांना बाहेरून गुंडाळून बसलेली असते. गुलमोहराची ती ठिपकेवाली वेगळी पाकळी सगळ्यांच्या आत असते. एकदा नखाने सोलून बघितलं की परत चुकत नाही. बाभळीचा पिवळा गोंडा म्हणजे एक फूल नाही हेही लक्षात ठेवा, ती बारीक फुलांची अख्खी गर्दी आहे.

शेंगवाल्या झाडाच्या मुळांवर गाठी असणारच, नत्र मिळणारच, असं धरून बहावा किंवा चिंच लावू नका, दोघांच्या मुळांवर गाठी नसतात. गाठी फक्त पळसाच्या आणि बहाव्याच्या उपकुळांत सापडतात, त्यातही सगळ्यांना नाही.

आणि लेबल लिहिताना बाभळीला अकेशिया निलोटिका लिहू नका. २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या गटाकडे गेलं, २०११ ला मेलबर्नमध्ये तेच कायम झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगालिया कॅटेचू, आणि रस्त्याकडेला लावतात ती ऑस्ट्रेलियन बाभूळ तेवढी अजून अकेशियाच.