कानापुढे ‘कट्ट’ आवाज, जबडा आखडणे: माझा अनुभव

जांभई दिली की उजव्या कानापुढे ‘कट्ट’ व्हायचं, सकाळी कानशील ठणकायचं आणि तोंडात जेमतेम दोन बोटं उभी मावायची. एरवी तीन मावतात. कान तपासला, स्वच्छ निघाला. दातांचा एक्स-रेही ठीक. रात्री दातांवर घालायच्या गार्डने दात खाण्याचा त्रास कमी झाला, आखडलेपण तसंच. भाकरी चावताना अक्षरशः रडू यायचं.

मी लंडनला राहते. इथे ऑस्टिओपॅथची, म्हणजे हातांनी स्नायू-सांध्यांवर उपचार करणाऱ्यांची, जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलकडे नोंदणी असावीच लागते; ती बघूनच गेले. बाईंनी आधी मान नि खांदे सैल केले. मग हातमोजा घालून अंगठा गालाच्या आत, बोटं बाहेर, असा चावण्याचा स्नायू चिमटीत धरून हळूहळू दाबला. दुखरी जागा सापडली तशी कळ थेट कानात गेली. कान स्वच्छ असूनही का दुखतो, ते तिथेच कळलं.

घरी रोज याच क्रमाने: आधी दहा मिनिटं ओला गरम शेक. मग जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावायचं. जीभ तिथून न सुटू देता, आरशात बघत, तोंड सरळ रेषेत उघडायचं आणि ‘कट्ट’ होण्याआधी थांबायचं. दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे. च्युइंगगम बंद.

आता तीन बोटं मावतात. आवाज अधूनमधून येतो, पण दुखत नाही, म्हणून त्याच्या मागे लागत नाही.

जबडा अडकून बसला, सूज किंवा ताप आला तर आधी डॉक्टर गाठा. जबड्यासोबत छातीत दुखलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.