संत्र्याची कलमं आणायच्या आधी वावरात खड्डा खणा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू आहे. मृगाला पंधरवडाही उरला नाही आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेरकडे ज्याला विचारावं त्याचं कलम बुक झालेलं आहे. झालं असेल तर असू द्या. पण गाडी येण्याआधी वावरात चार-पाच फूट खोल, माणूस आत उतरून उभा राहील एवढा एक खड्डा खणा. एकरी एक तरी. जमीन उताराची असेल तर वर एक, खाली एक.

"खड्डे तर मारलेच आहेत" असं सगळेच सांगतात. ते लागवडीचे, ७५ सेंमीचे. त्यात वरची काळी माती दिसते, आणि वरची काळी सगळ्यांचीच चांगली असते. बाग मरते ती तिच्या खालच्या थरामुळे.

आपला नागपूर जिल्हाच तसा आहे. महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाखाली झाकलेला आहे, आणि त्या खडकाची पूर्वेची कड नागपुरात येते. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. पश्चिमेला काटोलकडे जा, सगळा थरावर थर लाव्हा. पूर्वेला कामठीचा वाळूचा दगड, उमरेडला कोळसा, रामटेक-मनसरकडे त्याहून कितीतरी जुने खडक आणि मँगनीज. म्हणून काटोलच्या मेव्हण्याची बाग पाहून पूर्वेकडच्या मौद्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, संत्रा लावायचा नसतो. धानाला पाणी धरून ठेवणारी जमीन लागते. संत्र्याला तीच जमीन मारते.

काटोलकडेही सरसकट बरं नाही. लाव्ह्याचा एक थर सच्छिद्र असतो, कुजून त्याचा भुसभुशीत मुरूम होतो, त्यात पांढऱ्या टिकल्या दिसतात. मूळ त्यात शिरतं, पाणी उतरतं. त्याला लागूनच अखंड काळा पाषाण असतो, ज्यावर पहार वाजते. धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडे एक, पलीकडे दुसरा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कळमेश्वरकडची एक पाच वर्षांची बाग. पानं पिवळी, शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडलेलं. दोन हंगाम दुकानातून ईडीटीएचं लोह (ईडीटीए या रसायनात बांधलेलं) आणून घालणं चाललं होतं, आणि खरं सांगतो, पहिल्या वर्षी मीही फवारणीच सांगितली. शेवटी झाडाच्या बुडाशी खणलं. अडीच फुटांवर चुनखडीचे खडे, त्याखाली पांढरा गच्च थर. मुळं तिथवर सरळ गेलेली आणि तिथून पोळी लाटावी तशी आडवी पसरलेली. चुनखडीच्या जमिनीत ईडीटीएचं लोह टिकत नाही, ते झाडाला मिळण्याआधीच अडकतं. टिकतं ते ईडीडीएचए या दुसऱ्या रसायनात बांधलेलं, पण महाग. आणि पाच वर्षं लोह विकत घालायचं तर संत्रा लावला कशाला? दुकानदाराने डबा विकला, खड्डा खणायला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

तर खड्ड्यात उतरल्यावर काय पाहायचं?

दर फुटावरचं ढेकूळ घ्या, त्यावर संडास धुवायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका (हात झाकून, वाऱ्याकडे तोंड न करता). जोरात फसफसलं तर चुना. मग माती परीक्षणात मुक्त चुना मोजून घ्या. १० टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा नको. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ बरा.

नंतर संध्याकाळी खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी तसंच दिसलं तर कलमाचे पैसे बुडाले समजा, पण बागेचे वाचले. हा माझा ठोकताळा आहे, पुस्तकात शोधू नका. आणखी एक: धुऱ्यावर पळस जोमात आणि बाकी झाडं किरटी असतील, तर त्या वावरावर मी आधीच संशय घेतो. कन्हारात, म्हणजे खोल काळ्या चिकण जमिनीत, लावायचाच हट्ट असेल तर गादीवाफ्यावर लावा.

शंका असेल तर अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्थाही त्याच रस्त्यावर. नर्सरीवाल्याला विचारू नका. त्याला कलम खपवायचं आहे.

खड्डा पास झाला तर बाकीचं नेहमीचं:

– अंतर ६ × ६ मीटर
– लागवडीचा खड्डा उन्हात तापू द्यायचा
– कुजलेलं शेणखत २० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १ किलो, मातीत मिसळून
– ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) शेणखतातून. बुरशीनाशकाच्या आळवणीसोबत (औषधाचं पाणी बुडाशी ओतणं) नाही
– कलमाचा डोळा (कलम बांधल्याचा जोड) मातीच्या वीतभर वर

जुन्या बागवाल्यांनो, तुमचा खड्डा पाहायचा राहून गेला. आता निदान पाणी काढा. उताराच्या दिशेने, दर दोन ओळींमागे दीड फूट खोल चर, तोही पहिल्या पावसाआधी. डिंक्या आणि मूळकूज आणणारी बुरशी साचलेल्या पाण्यातच पसरते. खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा. लोखंडी विळा बुडवून पाहा, तांबूस झाला तर चुना वाढवा. डिंक गळत असेल तर तो भाग खरवडून मलम, आणि बुडाशी मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळवणी. चर नसेल तर आळवणीचा पैसा पाण्यासोबत उभा राहतो, बस.

आणि हो, पाहून झालं की खड्डा लगेच बुजवा. नाही जमलं तर बोराटीच्या काट्या तरी टाका. मागच्या वर्षी एकाचं वासरू रात्री आत पडलं होतं.