कासव आणि कोळी: तुलनेचा प्रोजेक्ट असा करा

जानेवारी उजाडला की सदाशिव पेठेतल्या आमच्या जिन्यावर नववीची मुलं धोक्यातल्या दोन प्राण्यांच्या तुलनेची फाईल घेऊन हजर. अप्पा बळवंत चौकातून आणलेला कार्डशीट, मधोमध उभी रेघ, डावीकडे ऑलिव्ह रिडले कासव, उजवीकडे गुत्तीचा निळा टॅरांटुला. मग 'कासवाला चार पाय, कोळ्याला आठ'. अरे, हे पहिलीच्या पोरालाही येतं!

आधी दोघांची आययूसीएनच्या, म्हणजे निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, लाल यादीतली नोंद उघडा; कोणता जीव किती धोक्यात आहे ते तिथे कळतं. कासव 'व्हल्नरेबल' (असुरक्षित), कोळी 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (अतिशय धोक्यात). एवढं उतरवून पान उलटू नका. श्रेणीपुढे निकषाचं अक्षर असतं: कासवापुढे 'ए', कोळ्यापुढे 'बी'. 'ए' सांगतो संख्या किती घटली, 'बी' सांगतो राहायला जागा किती उरली. खरी मेख इथेच आहे.

"बाई, ओडिशाला लाखो माद्या अंडी घालायला येतात, मग धोका कसला?" असं एखादं पोरगं विचारतंच. विचारावंच. 'ए' निकषात आज किती आहेत यापेक्षा पूर्वीपेक्षा किती कमी झाली ते मोजतात; तीन पिढ्यांत 30 टक्के घट झाली तरी प्राणी 'व्हल्नरेबल' ठरू शकतो. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं. ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत मासेमारी करणाऱ्या बोटीच्या, जाळ्यात अडकलं की ते पाण्यातच गुदमरतं. हे कारण ठळक लिहा.

कोळ्याचं प्रकरण निराळं. 1899 मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गुत्ती गावच्या रेल्वे लाकूडवखारीत मिळालेल्या नमुन्यावरून. तो बहुधा लाकडांबरोबर गाडीने आला असावा, पण नाव गुत्तीचं चिकटलं ते चिकटलंच. पुढे शंभर वर्षं पत्ता नाही. 2001 मध्ये तो आंध्रातच, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात सापडला. ज्ञात टापू 100 चौरस किलोमीटरहूनही कमी. जुन्या झाडाच्या ढोलीत राहणारा हा जीव. सरपणाला झाड गेलं की घर गेलं. त्यात निळ्या रंगापायी हौशी लोक पाळायला मागतात, म्हणून 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक कराराचं नियंत्रण आहे.

आता तक्त्यात एक रकाना माझ्या सांगण्यावरून घाला: 'एकच वर्ष फार वाईट गेलं तर?' एका वादळाने जगभरच्या उष्ण समुद्रांतलं कासव संपत नाही. एका वणव्याने हा कोळी संपू शकतो. गुण देणाऱ्या बाई इथे थांबून वाचतील.

उपायांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये आईबाबांना कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर न्या. घरट्यावरची टोपली उचलली की वाळूतून काळपट पिल्लं वळवळत बाहेर येतात, ते बघून घ्या. कोळ्यासाठी मात्र सहल काढू नका. त्याला पाहुणे नकोतच.

शेवटी मूल्यांकनाचं वर्ष लिहा. या दोघांचं 2008 आहे. यादी बदलत असते: हिरवं कासव 2025 मध्ये धोक्याच्या श्रेणीतून बाहेर आलं. फोटो चिकटवताना तेच हिरवं कासव रिडले म्हणून खपवू नका. दरवर्षी कुणीतरी खपवतंच.