मुनवर उतरताना आधी आडवा वेग मारा

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अवकाशयानांच्या कॉम्प्युटर खेळात मुनवर, म्हणजे तिथल्या चंद्रावर, पहिल्यांदा उतरणाऱ्याची नजर खाली लागलेली असते आणि घात करतो तो आडवा वेग. आकडेच पाहा. मुनभोवती १५ किमी उंचीच्या गोल कक्षेत यानाचा वेग असतो ५५० मी/से. त्यातले ५० कमी केले की मार्ग वाकून जमिनीला छेदतो. इंजिन पुन्हा लावलंच नाही, तर यान साधारण ५४० मी/से वेगाने आदळतं. त्यात खाली येण्याचा वेग जेमतेम ७५ आणि आडवा ५३०च्या वर. (बेरीज जुळत नाही असं वाटत असेल तर काटकोन त्रिकोण आठवा.) म्हणजे तुम्ही पडत नसता, जमिनीला जवळजवळ समांतर धावत असता, फक्त आठेक अंशांनी खाली झुकलेले.

खऱ्या चंद्रावरही हेच गणित आहे. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३चा विक्रम उतरला, तेव्हा ३० किमी उंचीवरून सुरू होणारा सगळा कार्यक्रम सुमारे १९ मिनिटांचा होता. त्यातली पहिली साडेअकरा मिनिटं, म्हणजे ६९० सेकंद, मुख्यतः सेकंदाला १.६८ किमीचा आडवा वेग खाली आणण्यासाठी राखलेली होती.

यान

एक माणूस नेऊन परत आणायला फार मोठं यान लागत नाही. एमके१ कॅप्सूल, वर पॅराशूट, खाली १.२५ मीटरची हीट शील्ड, डीकपलर (टप्पे वेगळे करणारा सांधा), एफएल-टी४०० टाकी, टेरियर इंजिन आणि चार एलटी-१ पाय. भरलेलं वजन सुमारे ४.२ टन, इंधन संपल्यावर २.२. टेरियरचा निर्वातातला आयएसपी, म्हणजे इंधन किती काटकसरीने वापरतो त्याचा आकडा, ३४५ सेकंद आहे, त्यामुळे या टप्प्यात २१०० मी/सेच्या थोडा वर डेल्टा-व्ही (एकूण किती वेग बदलता येईल ते) मिळतो. उतरायला ६५०, परत कक्षेत जायला ६०० आणि कर्बिनकडे, म्हणजे खेळातल्या पृथ्वीकडे, निघायला ३००च्या आत. उरलेले पाच-सहाशे हे तुमच्या चुकांचं बजेट. मात्र मुनच्या कक्षेत शिरेपर्यंतचं काम खालच्या टप्प्याकडून करून घ्या, ही टाकी भरलेलीच पोचली पाहिजे.

वजन वाचवायला टेरियरच्या जागी स्पार्क लावायचा मोह होतो. तो ६० ऐवजी २० किलोन्यूटनच रेटा देतो. ३५ सेकंदांचं ब्रेकिंग पावणेदोन मिनिटांवर जातं आणि तेवढा वेळ मुनचं गुरुत्व, १.६३ मी/से², तुम्हाला खाली खेचत राहतं. नवख्याने टेरियरच घ्यावा.

पाय टाकीच्या अगदी खालच्या कडेला बसवा. उघडल्यावर ते नॉझलच्या खाली पोचतात की नाही, हे व्हीएबीतच (यान जोडायच्या इमारतीत) पाहून घ्या. एकावर एक टाक्या चढवून यान उंच केलं की ते थोड्याशा उतारावरही कलंडतं. इंधन वाढवायचंच असेल तर बाजूला दोन टाक्या लावून रुंदी वाढवा.

पायलटचाही विचार करा. एसएएसमधलं (यान आपोआप स्थिर धरणाऱ्या यंत्रणेतलं) रेट्रोग्रेड, म्हणजे वेगाच्या बरोबर उलटी दिशा, पकडून ठेवण्याचं बटण करिअर मोडमध्ये पहिल्या पातळीच्या पायलटपासून पुढे मिळतं. मानवरहित यान असेल तर नियंत्रक भागांपैकी ऑक्टो फक्त स्थिर धरतो, रेट्रोग्रेडसाठी निदान हेक्स लागतो.

जागा आणि ऊन

जागा निवडताना सूर्य कुठे आहे ते आधी बघा. तो क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांवर असला पाहिजे. अपोलो ११ उतरलं तेव्हा तो सुमारे ११ अंशांवर होता, आणि तो योगायोग नव्हता. त्या कोनात मीटरभर उंचीच्या दगडाची सावली पाच मीटर पडते, खड्डे आणि उतार लांबून कळतात. सूर्य बरोबर पाठीशी असला की प्रत्येक सावली आपापल्या दगडामागे लपते आणि जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट दिसते. चंद्राच्या मातीचा हा गुण घरबसल्याही दिसतो: पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, जवळपास दहापट उजळ असतो, कारण पौर्णिमेला सावल्याच दिसत नाहीत.

मोठ्या विवराचा तळ बरा, कडा नको. विक्रमलाही १२ अंशांपर्यंतचाच उतार चालणार होता.

कक्षेतून खाली

विषुववृत्तावर १५ किमीची गोल कक्षा करा, एफ५ दाबून सेव्ह करा. ठरवलेल्या जागेच्या साधारण ४५ अंश आधी, म्हणजे फेरीच्या एक अष्टमांश अलीकडे, रेट्रोग्रेड दिशेने ५० मी/से जाळा. पाच-साडेपाच मिनिटांत जमीन येते. १० मी/से जाळूनही यान खाली येईल आणि कागदावर एकूण खर्च दोन्हीकडे ५९०च्या आसपास पडतो, पण मग मार्ग इतका चपटा होतो की वाटेतला एखादा डोंगर आधी भेटतो.

आता नकाशावर जाऊन मार्ग जमिनीत शिरतो नेमक्या त्या बिंदूवर मॅन्युव्हर नोड (पुढच्या ज्वलनाची आखणी करणारी खूण) ठेवा. रेघ जमिनीच्या आतही पुढे काढलेली असते, तिला फसू नका. नोड रेट्रोग्रेड दिशेने ५४० पर्यंत ओढा. या नोडकडून फक्त दोन आकडे हवेत: आदळायला किती वेळ उरला आणि ब्रेकिंगला किती लागेल. वरच्या यानाला ३५ सेकंद लागतात.

एकसारख्या मंदनाने थांबायचं तर आदळायला ब्रेकिंगच्या निम्मा वेळ, म्हणजे साडेसतरा सेकंद, उरला असताना इंजिन लावायला हवं. पण या हिशेबात गुरुत्व नाही आणि समोर चढत जाणारी जमीनही नाही. म्हणून ३० सेकंद उरले असताना झेड दाबून पूर्ण थ्रॉटल द्या. सपाट जागी साधारण तीन-पाचशे मीटरवर वेग संपतो. नवख्याला एवढी गादी हवीच. नंतर ती कमी करता येते, कारण हवेत लटकून काढलेलं प्रत्येक मिनिट जवळपास १०० मी/से खातं.

इंजिन लावण्याआधी एक गोष्ट तपासा: नॅव्हबॉलच्या (यानाची दिशा दाखवणाऱ्या गोळ्याच्या) वरचा वेग 'सरफेस'वर आहे का? तो 'ऑर्बिट'वर राहिला तर वेग शून्य दिसत असतानाही यान जमिनीवरून घसरत असतं. मुन स्वतःभोवती फिरतो आणि विषुववृत्तावर त्याची जमीन ९ मी/से वेगाने सरकते. तेवढ्या आडव्या वेगात पाय टेकले की यान कोलमडलंच. वेगाच्या आकड्यावर क्लिक केलं की मोड बदलतो.

उंचीचा आकडाही फसवतो. तो मुनच्या ठरावीक शून्य पातळीपासून मोजलेला असतो आणि कित्येक ठिकाणी जमीनच दोन-तीन हजार मीटरवर आहे. जमिनीपासूनची उंची दाखवणारा पर्याय निवडा.

शेवटचे पाचशे मीटर

पाय 'जी' बटणाने उघडा. आता यान साडेतीन टनांचं झालेलं असतं. ते तोलून धरायला ५.८ किलोन्यूटन पुरतात, म्हणजे थ्रॉटल जेमतेम दहा टक्के. शिफ्टवर बोट दाबून ठेवलंत तर यान उसळून वर जाईल, टिचक्या मारा. ३०० मीटरवर २० मी/से, १०० मीटरवर ६, शेवटच्या २० मीटरला २.

आडवा वेग थोडा तरी उरतोच. नॅव्हबॉलवर तो असा दिसतो: रेट्रोग्रेडचं चिन्ह निळ्या अर्ध्याच्या मध्यापासून बाजूला सरकलेलं. इथे सगळे हमखास चुकतात. नाक सरळ वर केलं की यान सरळ उतरेल असं वाटतं, पण त्याने फक्त पडणं कमी होतं, घसरणं तसंच राहतं आणि चिन्ह मध्यापासून आणखी लांब जातं. रेट्रोग्रेडचं चिन्ह नाकापासून दूर पळतं, हा त्याचा स्वभाव. म्हणून नाक चिन्हाच्या पलीकडे न्यायचं, मध्यापासून चिन्ह जितकं लांब त्याहून पाचेक अंश जास्त, आणि चिन्ह हळूहळू मध्याकडे ढकलायचं. एकदा हाताला जमलं की विसरत नाही.

वेग ३च्या खाली आला की एसएएस रेट्रोग्रेडवरून काढून साध्या स्थिर मोडवर ठेवा. नाहीतर थ्रॉटल जरा जास्त झाला, यान क्षणभर वर सरकलं, की रेट्रोग्रेडचं चिन्ह एकदम खाली उडी मारतं आणि एसएएस इमानेइतबारे यान उलटं करतो. पाय टेकले की लगेच एक्स दाबून इंजिन बंद करा, थ्रॉटल चालू राहिला तर यान उड्या मारत उताराने जातं.

कलंडलंच तर घाबरू नका. मुनवर या यानाचं वजन पृथ्वीवरच्या सहाशे किलोंइतकंच आहे. पाय मिटा, नाक उताराच्या खालच्या बाजूला जाईल असं फिरवा, कॅप्सूलच्या रिअ‍ॅक्शन व्हीलने (यान जागच्या जागी फिरवणाऱ्या चाकाने) नाक शक्य तेवढं उचला आणि दहा-पंधरा टक्के थ्रॉटल देऊन घसरतच उड्डाण करा. जमिनीपासून सुटलात की सरळ व्हा.

मोड्स (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या) लावून खऱ्या आकाराच्या चंद्रावर जाणार असाल तर आकडे साधारण तिप्पट होतात, रीत तीच राहते. प्रिन्सिपिया हा गुरुत्वाचं गणित जास्त खरं करणारा मोड वापरत असाल तर मात्र खालच्या कक्षेत यान ठेवून झोपायला जाऊ नका. चंद्राच्या कवचात मॅस्कॉन नावाचे जास्त जड भाग आहेत आणि ते कक्षा हळूहळू वेडीवाकडी करतात. १९७२ला अपोलो १६ने सोडलेला छोटा उपग्रह याच कारणाने ३५ दिवसांत चंद्रावर आदळला. मूळ खेळात हे घडत नाही, तिथली १५ किमीची कक्षा वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते.