लेझरनं चष्मा काढायचाय? मग आधीच्या तपासणीला असं जा

लेझरचं नाव काढलं की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, दुखतं का. ते नंतर बघू, आधी तपासणीचं बोला, कारण ऑपरेशन होणार की नाही ते तिथंच ठरतं अन् त्यात दोन-तीन तास सहज जातात. मी पहिल्या वेळेस गेवराईहून सकाळच्या लालपरीनं संभाजीनगरला गेलो, काउंटरवरच्या ताईनं विचारलं लेन्स कधी काढल्या, म्हणलं काल रात्री, तिनं फाईलच मिटली अन् म्हणली पंधरा दिवसांनी या. फोनवर आधीच सांगितलेलं होतं, मलाच वाटलं एवढ्यानं काय होतंय.

तर होतं असं की बुबुळावर जी पारदर्शक काच असते ना, कॉर्निया, तिचा आकार लेन्स घालून घालून जरासा दबतो, मग मशीनला तोच खोटा आकार दिसतो. साध्या सॉफ्ट लेन्स असतील तर एक-दोन आठवडे, सिलिंडरवाल्या असतील तर दोन आठवडे तरी, सेमी-सॉफ्ट असतील तर तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त बंद. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस गपचूप चष्मा लावा.

सोबत जुने चष्मे अन् नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या घ्या. वय 18 च्या पुढं पाहिजे अन् नंबर वर्षभर तरी जागेवर थांबलेला पाहिजे, ते चिठ्ठीवरूनच कळतं. काजळ लावून जाऊ नका. चालू गोळ्या सगळ्या सांगा, पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइननं डोळे कोरडे पडतात हे आपल्याला सुचतच नाही. शुगर, सांधेवात, दिवस गेलेले असणं, बाळाला पाजणं, काहीच लपवू नका.

सुरुवातीला नेहमीचंच, हनुवटी टेकवा अन् रस्त्याच्या टोकाला दिसणारा फुगा बघा. मग डोळ्यावर हवेचा फुस्स करून झोत, त्यानं डोळ्याच्या आतलं प्रेशर कळतं (साधारण 10 ते 21 ठीक), मी दर वेळेस दचकतोच. डोळ्यातलं पाणी मोजायला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, टोचल्यासारखं होतं. पट्टी 10 मिलिमीटरच्या पुढं भिजली तर बरं, पाचच्या आत राहिली तर डोळे कोरडे, मग आधी त्याचा इलाज, कारण लेझरनंतर कोरडेपणा काही महिने वाढतोच.

खरा निकाल पेंटाकॅमवर, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या मशीनवर लागतो. अंधाऱ्या खोलीत निळी रेघ गोल फिरते, दोन सेकंद पापणी हलवायची नाही, अन् स्क्रीनवर तुमच्या कॉर्नियाचा लाल-हिरवा-निळा नकाशा येतो. त्यात जाडीही असते, बऱ्याच लोकांची 540 मायक्रॉनच्या आसपास. हिशोब मोटामोटी असा बघा: जाडी 530, लॅसिकमध्ये (लेझरचं नेहमीचं ऑपरेशन) कॉर्नियाची वरची पातळ झडप उचलतात ती 110, नंबर वजा चार म्हणजे लेझर एका नंबरला 15 घासतो त्या हिशोबानं 60, खाली 360 उरले, काम होतंय. तेच जाडी 490 अन् नंबर वजा आठ असेल तर उरतात 260, अन् खाली किमान 250 तर राहायलाच पाहिजेत, बरेच डॉक्टर 300 च्या खाली जातच नाहीत. मग पीआरके (झडप न कापता वरूनच लेझर) किंवा डोळ्याच्या आत बसवायच्या आयसीएल लेन्सचं बोलणं निघतं.

आमच्या मावसभावाला याच नकाशावरून नाही म्हणले. कॉर्निया पातळ होऊन पुढं शंकूसारखा यायला लागला होता, केराटोकोनस म्हणतात त्याला. सोयाबीनच्या मळणीत धूळ उडली की हा दोन्ही मुठींनी डोळे चोळायचा, अन् चोळल्यानं हे वाढतं. लई रुसला होता, पण त्याच तपासणीमुळं सापडलं अन् वेळेवर सी-थ्री-आर, म्हणजे कॉर्निया घट्ट करायचा इलाज, झालं.

सगळ्यात शेवटी बाहुली मोठी करायचे थेंब. चुरचुरतात, अर्धा तास डोळे मिटून बसा. हे का, तर तरुण डोळा उगं जोर लावून वजा नंबर जास्त दाखवतो, थेंबानं तो जोर सुटतो अन् खरा नंबर निघतो. मग डॉक्टर डोक्याला लाईट लावून, वर बघा, नाकाकडं बघा करत मागचा पडदा तपासतात. मोठ्या नंबरवाल्यांचा पडदा कडेला पातळ असू शकतो, छिद्र सापडलं तर आधी तिथं लेझरनं शेक देतात, पुढची तारीख लांबते.

डॉक्टर समोर असतानाच विचारून घ्या की रात्री गाडी चालवताना लाईटभोवती वलयं दिसतील का, अन् चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल का (लागतो, लेझर करा नाहीतर नका करू).

थेंबानंतर चार-सहा तास, कोणाकोणाला दुसऱ्या दिवसापर्यंत जवळचं अंधुक दिसतं, मोबाईल वाचता येत नाही, अन् आपलं एप्रिलचं ऊन तर विचारूच नका. गॉगल ठेवा, मोटारसायकलवर एकटं जाऊ नका, घरचं कोणी सोबत असू द्या. मी एकटाच होतो, स्टँडवर उन्हात डोळे बारीक करून तीन गाड्यांना विचारलं, बीड का बीड, तिसरा कंडक्टर म्हणला, मालक, पाटी तुमच्या डोक्यावरच लागलीय की.