काबो एस्पिशेलला जाताना

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या दक्षिणेस, सेझिंब्रा परिसरात असलेल्या काबो एस्पिशेल या भूशिरावर जाणारे बहुतेक प्रवासी दीपगृहाचे छायाचित्र घेऊन परततात. माझ्या मते तेथे किमान अर्धा दिवस द्यावा. अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नोसा सेन्योरा दो काबो या चर्चसमोरील मोकळ्या आवाराच्या दोन्ही बाजूंना यात्रेकरूंच्या निवासाच्या लांबच लांब ओळी आहेत, आणि त्या पाहिल्यावर या ओसाड कड्यावर पूर्वी केवढी यात्रा भरत असेल, याची कल्पना येते. कड्याच्या टोकाजवळील एर्मिदा दा मेमोरिया ही छोटी प्रार्थना-कुटी अवश्य पाहावी. तिच्यातील निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर या तीर्थाची कथा चितारलेली आहे.

मेरीमातेला घेऊन कडा चढलेल्या खेचराचे ठसे म्हणून भाविकांनी ज्या खुणांना मान दिला, त्या वास्तविक डायनासोरांच्या पाऊलखुणा आहेत. त्या पेद्रा दा मुआ नावाच्या तिरप्या खडकावर असून लागोश्तेरोस खाडीच्या उत्तरेकडील बाजूने समोर दिसतात. त्यासाठी दुर्बीण जवळ ठेवावी आणि सूर्य कललेला असताना जावे, कारण तिरप्या प्रकाशात उथळ खळगे उठून दिसतात.

१७९० साली उभारलेले दीपगृह चर्चच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर आहे. येथे सावली जवळजवळ नाही आणि वारा जोराचा असतो, म्हणून पाणी, टोपी व वारा अडवणारे जाकीट न्यावे. कड्याच्या कडा ठिसूळ आहेत. लहान मुलांचा हात सोडू नये.